समाप्तीचं निमंत्रण

नागपूर, १४ जुलै

प्रिय मयुरा,

'प्रिय' हा शब्द सवयीने पडला आहे. खोडला तर कागद घाणेरडा दिसेल म्हणून राहू देते. दीक्षा घेऊन श्रामणेरी झालेल्या मुलीला तिच्या नव्या नावाने लिहायचं असतं आणि सुरुवातीला 'वंदामि' म्हणायचं असतं, हे मला माहीत आहे. अजून माझ्या हातून ते होत नाही.

तुझं पत्र आलं. शिबिरात फोन काढून घेतात पण पत्र लिहू देतात, हे वाचून आधी बरं वाटलं. मग वाटलं की फोनच असता तर बरं होतं, फोनवर तू दोन मिनिटांत विसरून गेली असतीस. तू लिहितेस की तुमच्या प्रमुख आर्याजींनी सगळ्या नव्या मुलींना 'मी धम्माकडे कशी आले' हे लिहून आणायला सांगितलं, आणि तू लिहिलंस, 'माझी मैत्रीण मोनाली हिच्यामुळे.' ते वाक्य काढून टाक. त्यांच्यासमोर खोटं नको.

खरं असं आहे. जगातल्या धर्मांचा तो संध्याकाळचा वर्ग मी निवडला होता. तू आलीस कारण तुला नागपुरात राहायला काहीतरी निमित्त हवं होतं. नाहीतर काटोलला जाऊन स्थळं बघायला बसावं लागलं असतं. हे तूच मला पहिल्या दिवशी पाणीपुरीच्या गाडीवर हसत सांगितलंस. मी आले कारण आमच्या घरी बाबा रोज जेवायच्या आधी विचारायचे, "आज कोणतं शील मोडलं?" दादाला कधीच काही सापडायचं नाही. मला रोज सापडायचं. मुंगी चिरडली, वर्गात खडू लपवला, आईला डोकं दुखतं म्हटलं आणि दुखत नव्हतं. इतकी वर्षं स्वतःला मोजल्यावर कधीतरी वाटणारच की मोजायचं माप तरी खरं आहे का. म्हणून मी ठरवलं होतं, सगळे धर्म एकदा नीट बघायचे. खरं कुठे असेल ते शोधायचं, आणि जिथे असेल तिथे राहायचं. आपल्याच घरी निघालं तर घरी. बाबा हसले होते. "धर्म हाय का बुधवार बाजारातलं वांगं? दाबून दाबून पाहून राहिली."

दर महिन्याला एक ठिकाण आणि तिथल्यासारखं होऊन बसायचं, हा नियमही माझाच. आठव. सदरच्या चर्चमध्ये तू पहिल्याच गाण्याला रडलीस. गुडघे टेकले तर ते ढोंग होईल का, याचा विचार मी संपेपर्यंत करत होते. गुरुद्वाऱ्यात त्या आजींनी तुझ्या हातात लाटणं दिलं आणि मला म्हणाल्या, "बेटा, वो जग ज़रा उधर सरका दो." ताजबागेच्या दर्ग्यात एक अनोळखी बाई तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. माझ्या शेजारी जागा रिकामी होती. इतवारीतल्या जैन मंदिरात पुजाऱ्याने तुलाच विचारलं, पुन्हा कधी येणार. पारशांच्या अग्यारीत आपल्याला आत जाता येत नाही. आपण दोघी फाटकाबाहेर उभ्या राहून आतला पिंपळ बघत होतो. सगळ्या वर्षात त्या एका दुपारी मला तुझ्यासोबत खरंच बरं वाटलं. दोघीही बाहेर होतो.

आमचं विहार मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिथे तरी मी यजमान असेन असं वाटलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू ते वेगळं लिहिलंस म्हणून लिहिते. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा, हे आमच्या वस्तीत बाबांचं काम. हिंगण्याच्या कंपनीतून पाळी करून यायचे, आंघोळ करून पांढरा सदरा घालायचे आणि वाचायला बसायचे. मागच्या वर्षी साखरेमुळे त्यांच्या डोळ्यात रक्त उतरलं. त्यांनी मला विचारलं, "तू वाचते का?" वाचणाऱ्याने आधी सगळ्यांकडून 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिशरण म्हणवून घ्यायचं असतं. ज्याची मलाच अजून खात्री नाही ते मी आख्ख्या वस्तीकडून कसं म्हणवून घेऊ? मी नाही म्हटलं. बाबांनी मान हलवली. आणि माझ्या मागून तू म्हणालीस, "मी वाचू का, बाबा?"

मी तुला त्यांना 'काका' म्हणायला सांगितलं होतं.

शोध माझा होता. सापडलं तुला. आर्याजींना लिहायचं असेल तर हे लिही.

मोनाली


नागपूर, ६ ऑगस्ट

मयुरा,

तू मला क्षमा केलीस असं लिहिलं आहेस. मी क्षमा मागितली नव्हती. पुन्हा वाचून बघ.

विहाराचं विचारलंस. यंदा बाबा स्वतःच वाचतात. उजव्या डोळ्याने थोडं दिसतं, त्यावर जाड भिंग धरतात. ओळ संपली की पुढची ओळ शोधायला वेळ लागतो. कधी तीच ओळ पुन्हा वाचतात आणि लोक गप्प राहतात, कारण बाबांना कोण सांगणार. परवा एक आख्खं पान सुटलं. मी तिसऱ्या रांगेत होते, मला कळलं. मीही गप्प राहिले. आता हे गप्प राहणं खोटं बोलण्यात मोडतं का, ते मला सांगता येत नाही. तुझ्या आर्याजींना विचारू नकोस.

वाचन संपल्यावर वस्तीतली म्हातारी प्रयागबाई सतरंजी गुंडाळता गुंडाळता मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "घरात पोरगी हाय. दुनियाभऱ्याचे धरम शिकून राहिली. अन् बापाले दोन पानं वाचून दावत नाही."

मी म्हटलं, "आजी, माझा अभ्यास पूर्ण व्हायचा आहे."

"होऊ दे ना. आमी काय परीक्षा घेऊन राहिलो?" मग तुझा विषय निघाला. मयुरा कशी वाचे. मयुराचा आवाज कसा मागच्या भिंतीपर्यंत जाये. काटोलची पोरगी, पण आमच्याहून आमची. ती सतरंजी मी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः गुंडाळली, नीट जमली नाही.

तू वाचत होतीस तेव्हा मी काय करत होते, माहीत आहे? तुझ्या चुका शोधत होते. तू पाली शब्द चुकीचे तोडतेस का, कुठे अडखळतेस का. मला पाली चार वर्षांची असल्यापासून येते, बाबांच्या मांडीवर. तुझ्या चुका निघायच्या. त्या कोणालाच ऐकू यायच्या नाहीत, आणि बाबा मान डोलवायचे. माझ्यासाठी त्यांनी कधी मान डोलावलेली मला आठवत नाही. मागच्या पत्रात म्हटलं ना की माझ्या नकारावर त्यांनी मान हलवली. ती वेगळी.

आता कामाचं. बाबा म्हणाले, "मयुराले चिठ्ठी लिहून राहिली ना? तिले लिहजो, समाप्तीले ये म्हणा. शेवटचा भाग तिनंच वाचावा." समाप्ती ५ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी, म्हणजे पाळीवाल्यांना सुट्टी आणि पौर्णिमेच्या आत.

निरोप पोहोचवला. आता माझं. तू येऊ नयेस असं मला वाटतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही लिहिल्या.

मोनाली


नागपूर, २ सप्टेंबर

मयुरा,

तू लिहितेस, 'यायची खूप इच्छा आहे, पण वर्षावासात बाहेर पडायला कोणा गृहस्थ उपासकाचं निमंत्रण लागतं, ते आर्याजींच्या नावाने यावं लागतं. आलं तर सात दिवसांच्या आत परतायच्या अटीवर सोडतात. तू गडबडीत विसरली असशील.'

मी विसरले नव्हते. भिक्खू-भिक्खुणींच्या नियमांवरचा पेपर वर्गात माझ्याइतका चांगला कोणी लिहिला नाही. बाबांचा निरोप मी तुझ्या नावाने पाठवला, आर्याजींच्या नावाने नाही, कारण मला नियम पाठ आहे. निरोप दिला, म्हणजे बाबांचं ऐकलं. निमंत्रण दिलं नाही, म्हणजे तू येणार नाहीस. आणि कुठेही खोटं बोलले नाही. बाबांनी विचारलं, "आलं का तिचं उत्तर?" मी म्हटलं, "आलं. तिला सोडत नाहीत." शब्दाला शब्द खरं आहे.

बाबा म्हणाले, "असन नियम. नियम पाळायलेच गेली ते." आणि त्यांच्या आवाजात तुझं कौतुक होतं! न येण्याचंही कौतुक.

तुला हे का सांगते आहे ते मला माहीत नाही. तू मला भोळी समजावीस हे मला सहन होत नाही, एवढंच असेल.

तुझ्या पत्रात आणखी एक वाक्य आहे. 'सकाळी बसते तेव्हा आता काही शोधावंसं वाटत नाही.' तू ते सहज लिहिलंस, खाली लगेच डासांबद्दल आहे. मयुरा, त्या वाक्यासाठी मी दोन वर्षं घालवली. कुराणाचा मराठी अनुवाद वाचला, बायबल वाचलं, उपनिषदं वाचली, चीनमधल्या त्या म्हाताऱ्यांची वचनं वाचली. वाचताना प्रत्येकात कुठेतरी खरं आहे असं वाटतं आणि पुस्तक मिटलं की मी होते तिथेच. काल आपल्या वर्गाचे सर म्हणाले, "प्रबंध छान आहे. फक्त निष्कर्ष कुठे दिसत नाही." मी म्हटलं, निष्कर्ष काटोलच्या एका मुलीने नेला. म्हटलं नाही, मनात आलं.

आणि तू तर शोधतसुद्धा नव्हतीस. तू स्थळं टाळत होतीस.

मी पण बसून बघितलं, गच्चीवर, पहाटे. श्वास बघायचा. दोन श्वास बघितले आणि तिसऱ्याला तू दिसलीस, डोळे मिटलेली, मुंडण केलेली, शांत. मग मी उठले आणि टाकी भरायला मोटर लावली.

या पत्राचं उत्तर देऊ नकोस. दिलंस तर त्यात मला समजून घेऊ नकोस.

मोनाली


नागपूर, २४ सप्टेंबर

मयुरा,

आज तुझी आई आमच्या घरी आली होती.

मी दार उघडलं तर शोभाकाकू एकट्याच, हातात कुरडयांची पिशवी. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तूच का वं मोनाली? फोटोत जाड दिसते."

आई शेजारी गेली होती, बाबा विहारात. मी पाणी दिलं, बसा म्हटलं. फराळाचं विचारलं तर म्हणाल्या, "नवरात्राचा उपास हाये. चहा चालते." आमच्या भिंतीवरच्या तसबिरी त्यांनी एकेक करून बघितल्या. हात जोडले नाहीत, आणि तोंडही वाकडं केलं नाही. पाहुण्यांच्या घरातले फोटो बघतात तसं बघितलं. मग विचारलं, "माह्या पोरीचे केस काढले म्हणते. खरं हाये का?"

"हो काकू."

"कमरेखाली होते. तेल लावता लावता माहे हात दुखत. रडली का ते?"

"मी तिथे नव्हते."

"गेली नाही तू? मैत्रीण ना वं तू?"

तुझ्या दीक्षेला मी का आले नाही हे तू मला कधी विचारलं नाहीस. तुझ्या आईने आल्याबरोबर विचारलं. मी म्हटलं, मला ताप होता. होता, पण अंगात कणकण म्हणण्याइतकाच. हेही मी त्यांना लगेच सांगितलं. काकूंनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

मग त्यांचं खरं काम निघालं. तुझ्या वडिलांनी, बाबाराव काकांनी, घरात सांगितलं आहे की शिबिराच्या दारात आपल्यातलं कोणी जाणार नाही. पण तुझ्या भावाने, मोहितने, कुठून तरी ऐकलं होतं की तू समाप्तीला नागपूरला येणार आहेस. "इथं आली तं मले येता येते. सांगता येते, साडी घ्याले गेलतो. मंग संत्री निघाली का ह्यायचा पाय घरात टिकत नाही, पण मलेही मंडीतून उसंत भेटत नाही. आताच जमते. येते ना ते?"

"नाही येत."

"काहून?"

मयुरा, मी 'तिला सोडत नाहीत' असं म्हणू शकले असते. वाक्य तयार होतं, आधी एकदा चाललेलं. तुझी आई माझ्या तोंडाकडे बघत होती, तिचे डोळे तुझ्यासारखे आहेत. मी म्हटलं, "निमंत्रण लागतं. मी पाठवलं नाही."

"तुह्या बाबानं नाही सांगतलं?"

"सांगितलं होतं."

"मंग?"

"मला ती यायला नको होती."

वाटलं, आता कप आदळून उठतील. काकूंनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. म्हणाल्या, "मलेही नोको होती तुह्या घरी यायले. रोज फोनवर चालू, बाबा असं म्हणतात, बाबा तसं म्हणतात. मी म्हटलं, तुहे बाबा तं इथं संत्र्याचा भाव करून राहिले, तू कोण्या बाबाचं सांगून राहिली? असा जीव जळे माहा. वाटे, त्या घराले कुलूप लागावं." मग कप खाली ठेवून, "लागलं का? आलीच ना ते. आता काय करतं. लिही."

"आत्ता?"

"नाही तं का संक्रांतीले? मी बसतो. माही बस सहाची हाये."

त्या समोर बसल्या आणि मी लिहिलं. ते पत्र याच्याबरोबर जात नाही, वेगळं स्पीडपोस्टने जातं आहे. त्याची प्रत तुला पाठवते, म्हणजे आर्याजींनी विचारलं तर तुला माहीत असावं. जाताना काकू म्हणाल्या, "तू येवढी सुकली काहून? जेवत जाय." अजून एक सांगायचं. त्यांना बसस्टॉपवर सोडून परत येताना मला तुझा परत हेवा वाटला. तुझ्यासाठी कोणीतरी साडीचं खोटं सांगून काटोलहून येतं.

मोनाली


(प्रत)

नागपूर, २४ सप्टेंबर

आदरणीय आर्याजी,

वंदामि.

आमच्या विहारातील वर्षावासाच्या ग्रंथवाचनाची समाप्ती ५ ऑक्टोबर रोजी सकाळी आहे. माझे वडील उपासक धम्मानंद यांच्या वतीने मी आपल्या संघातील काटोलच्या श्रामणेरींना भोजनदानासाठी व धम्मश्रवणासाठी निमंत्रण देत आहे. सोबतीला ज्या आर्या येतील त्यांची व्यवस्था आमच्या घरी होईल. पौर्णिमेआधी परत पोहोचवण्याची जबाबदारी आमची.

श्रामणेरींनी शेवटचा भाग वाचावा अशी वडिलांची इच्छा आहे.

हे निमंत्रण ऑगस्टमध्येच यायला हवं होतं. उशीर माझ्यामुळे झाला, वडिलांमुळे किंवा टपालामुळे नाही. कारण लिहीत नाही, पण ते चांगलं नव्हतं.

त्यांची आईही येणार आहे.

मोनाली


नागपूर, ९ ऑक्टोबर

मयुरा,

तू समोरच होतीस, तरी लिहिते. नियमाप्रमाणे तू नजर खाली ठेवलीस, म्हणून अर्धं तुला दिसलं नसेल. आणि माझ्याशी बोलायला तुला सवड मिळाली नाही. खरं तर मीच स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

तू रिक्षातून उतरलीस तेव्हा मला आधी तुझे कान दिसले. केसांखाली इतकी वर्षं लपलेले, छान आहेत. मला वाईट वाटायला हवं होतं, मला वाटलं, हिला हेही शोभतं. मग बाबा पुढे आले. गुडघे दुखतात, तरी हात, कपाळ सगळं जमिनीला टेकवून त्यांनी तुला वंदन केलं. माझा बाप, मयुरा. जो कुठल्या देवापुढे वाकत नाही, कंपनीत साहेबापुढे वाकला नाही. मला माहीत आहे की ते वंदन अंगावरच्या चीवराला असतं. प्रबंधात त्यावर माझं एक प्रकरण आहे. तरीही दाराची चौकट धरून मी उभी राहिले आणि मला वाटलं की आता या घरात मी कुठे बसायचं.

मीही वाकले. वाकताना मनात काय होतं ते लिहीत नाही.

त्यानंतरची गंमत तू नीट ऐकलीस ना? बाबांनी ग्रंथ उचलून तुझ्यापुढे धरला, सगळी वस्ती कान टवकारून बसली, आणि तुझ्यासोबत आलेल्या म्हाताऱ्या आर्यांनी हात आडवा केला. "वाचन उपासकांचं काम आहे. ही आता आसनावर बसते. आम्ही ऐकायला आलो." कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बाबांच्या नाही, प्रयागबाईच्या नाही. आणि मी, जिला सगळे नियम पाठ, माझ्याही नाही. ज्या जागेसाठी मी तीन महिने तुझ्यावर जळले ती जागा तू मे महिन्यातच सोडली होतीस. केसांबरोबर.

बाबा ग्रंथ हातात घेऊन तसेच उभे. मागून प्रयागबाई, "आता का पंचांग पाहून राहिले? पोरीले द्या ना!"

पण आधी याचना व्हायची होती. संघ समोर असला की त्रिशरण आपणहून मिळत नाही, उपासकांपैकी कोणीतरी सगळ्यांच्या वतीने तीनदा मागावं लागतं. दर वर्षी बाबा मागतात. त्यांनी माइक माझ्याकडे केला. मी माइककडे बघत होते आणि माझ्या डोक्यात नेहमीचं सुरू झालं, हे खरं मानते का, खात्री आहे का. मग लक्षात आलं की हे तर मागणं आहे. आपल्याकडे नाही म्हणून माणूस मागतो. खात्री असलेल्याने कशाला मागायचं? हे मला आधी का सुचलं नाही याचा रागही आला. आणि मागायचं कोणाकडे, तर तुझ्याकडे.

पहिल्यांदा मागितलं ते नुसतं पाठ होतं म्हणून. दुसऱ्यांदा आवाज चिरकला, तुला कळलं असेल, तुझी बोटं हलली. तिसऱ्या वेळी काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, आणि नीट सांगता येत नाही ते लिहून बिघडवायचं नाही. तू म्हणायला लागलीस, आम्ही तुझ्यामागून म्हणालो. तू पाली अजूनही चुकीचं तोडतेस.

मग मी वाचलं. वाचताना मला सारखं वाटत होतं की सगळे तुझ्याकडे बघत आहेत. मान वर करून बघितलं, तर खरंच बघत होते.

तुझ्या आईबद्दल. त्या शेवटपर्यंत चपलांजवळ, दारापाशी बसल्या होत्या. भोजनदानाच्या वेळी मी खिरीचं पातेलं घेऊन निघाले तर त्या उठल्या आणि माझ्या हातातून डाव घेतला. "मले देऊ दे." तुझ्या पात्रात खीर वाढताना त्यांनी एक डाव वाढला, दुसरा वाढला, तिसरा भरला, तेव्हा म्हाताऱ्या आर्या हसून म्हणाल्या, "आई, पुरे." तू पात्रावर हात ठेवला नाहीस हे मी पाहिलं. नंतर नळावर काकू मला म्हणाल्या, "नाक तेच हाये," आणि तोंडावर पाणी मारत बसल्या. बस पकडायच्या आधी सीताबर्डीतून घाईघाईने साडी घेतली. मला दाखवली. जांभळी आहे, काकांना आवडणार नाही.

संध्याकाळी घरी बाबा डोळ्यांत थेंब घालून पडले होते. मी वाट बघत होते. गालावर ओघळलेला थेंब पुसून म्हणाले, "आवाज बारीक काढते तू. मागचे लोकं चुळबुळ करून राहिले होते."

"तुम्हाला कसं दिसलं?"

"दिसलं नाही. ऐकू आलं. मयुराचा आवाज कसा जाये भिंतीलोक."

मी थेंबांची बाटली टेबलावर आपटली. ते म्हणाले, "आपटून काय होते? पुढच्या आषाढीले अजून नऊ-दहा महिने हायेत. आतापासून लाव जोर." आणि कुशीवर वळले.

मयुरा, माझा शोध संपला आहे असं समजू नकोस. निष्कर्षाचं पान अजून कोरं आहे. सरांना सांगितलं की मला मुदत वाढवून द्या. तुझ्यासारखं काही सापडलेलं नाही, आणि तुला सापडलं याचा मला आज, आत्ता, हे लिहितानाही त्रास होतो आहे. तो कमी झाला की कळवीन.

काल सकाळी विहार झाडायला गेले होते. कोणी नव्हतं. झाडून झालं, मग ग्रंथ काढला आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून मोठ्याने वाचायला लागले. तुझ्याहून मोठ्याने. घसा दुखायला लागला तरी थांबले नाही. पान संपेपर्यंत मला कळलंच नाही की प्रयागबाई दारात येऊन उभी आहे.

म्हणाली, "कोणावर ओरडून राहिली वं?"

मी म्हटलं, "मयुरावर."

"बरं," म्हणाली. चप्पल काढली, आत येऊन सतरंजी नसलेल्या फरशीवरच बसली, पाय लांब केले. "मंग थांबली काहून? वाच."

मोनाली